खोडदच्या दुर्बिणीने काय दिले? एका मोजणीदाराचे उत्तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात आमच्याच तालुक्यातल्या एका वाचकाने सरळ प्रश्न केला आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपायी पुणे-नाशिक रेल्वेचा नियोजित मार्ग आमच्या दारात येता येता दुसरीकडे वळला, आसपास कारखानदारीला मोकळीक नाही, मग या तबकड्यांनी एवढ्या वर्षांत आम्हाला दिले तरी काय? प्रश्न रागाचा असला तरी गैर नाही. एखादा शास्त्रज्ञ उत्तर देईल म्हणून मी आठ दिवस रोज सकाळी आधी तेच पान उघडत होतो. उत्तर आले नाही, म्हणून हे पत्र.

मी शास्त्रज्ञ नाही. सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून ३१ वर्षे काढली. साखळी, प्लेन टेबल, थिओडोलाइट आणि शेवटी शेवटी ईटीएस यंत्र, सगळे हाताळले. खोडदला जमीन संपादन झाले तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो, त्यामुळे त्या मोजणीचे श्रेय आणि शिव्या, दोन्हींत माझा वाटा नाही. पण दुर्बिणीने काय केले हे मला मोजणीवाला म्हणूनच समजले. तिने मोजणी केली. आकाशाची.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, नातीला घेऊन खोडदला गेलो होतो. ती नववीत आहे. शाळांच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. एका मांडवात एक तरुण संशोधक मोठ्या कागदावर छापलेले चित्र घेऊन उभा होता. काळ्यावर पांढरे ठिपके, बाकी काही नाही. शेजारच्या टेबलावर उडणारे रॉकेट होते, त्यामुळे त्याच्याकडे फारसे कोणी थांबत नव्हते. मी विचारले, "हे सगळे तारे का?" तो म्हणाला, "आजोबा, यात तारा जवळजवळ एकही नाही. बहुतेक सगळ्या लांबच्या दीर्घिका आहेत. रेडिओ लहरींत आकाश असे दिसते." म्हटले, "मोजल्या किती?" तो म्हणाला, "सुमारे सहा लाख वीस हजार." मी म्हटले, "नोंदवही दाखवा."

त्याने खरोखर दाखवली. लॅपटॉपवर तक्ता उघडला आणि खाली खाली सरकवत गेला. एका ओळीत एक स्रोत. त्याचे नाव, आकाशातली जागा, किती जोराने रेडिओ लहरी येतात तो आकडा, आकारमान. आणि जवळपास प्रत्येक आकड्याशेजारी आणखी एक रकाना : या आकड्यात चूक किती असू शकते. मोजणीदाराने आपल्या चुकीचा अंदाज स्वतःच्याच हाताने मांडून ठेवावा, हे मला फार आवडले. नात म्हणाली, "आजोबा, चला ना, रॉकेट उडतंय." मी अर्धा तास हललो नाही.

या कामाला टीजीएसएस म्हणतात, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने खोडदच्या या दुर्बिणीवर, जीएमआरटीवर, केलेले आकाश सर्वेक्षण. २०१० ते २०१२ या काळात २,००० तासांहून अधिक वेळ देऊन ते झाले. आकाशाचे ५,३३६ तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याकडे सुमारे १५ मिनिटे पाहिले. तीही सलग नाहीत, तर थोडी आता, थोडी नंतर, तुकडा आकाशात पुढे सरकल्यावर. खुणेचा दगड दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांवरून साधावा, तसेच हे. एकूण क्षेत्र भरले ३६,९०० चौरस अंश, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या सगळ्या आकाशाच्या ९० टक्के. राहिलेले १० टक्के दक्षिणेकडचे. ते जुन्नरच्या क्षितिजावर एक तर उगवत नाही, किंवा उगवले तरी फार वर चढत नाही. एका तालुक्यात बसून ९० टक्के शिवार मोजून झाले, हे मी तरी लहान काम समजत नाही.

ज्यांना तबकड्या फक्त एसटीच्या खिडकीतून माहीत आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तबकड्या ३० आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकी १४ खोडदजवळ एक चौरस किलोमीटरभरात दाटीने आहेत आणि १६ तीन दिशांना वाय आकारात पसरल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. या सगळ्या मिळून एकच दुर्बीण होते. दोन तबकड्यांतले अंतर जितके जास्त तितके बारीक दिसते. आमच्यात पायारेषा लांब घेतली की कोन नेमका निघतो, तसेच. या सर्वेक्षणाला २५ विकलांपर्यंतचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) बारकावा मिळाला, म्हणजे अडीच सेंटीमीटरचे नाणे दोनशे मीटरवरून जेवढे दिसेल तेवढा. माझ्या जुन्या थिओडोलाइटवर व्हर्नियरने २० विकलांपर्यंत वाचता येई. हा आकडा ऐकल्यावर त्या तरुणाशी माझे नाते जुळले.

आता तबकडीची जाळी. ही दुर्बीण उभारणारे डॉ. गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटरची तबकडी भरीव पत्र्याची केलीच नाही. बारीक स्टीलच्या तारेची जाळी ताणलेल्या दोरांवर बसवली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. आमच्याकडचा द्राक्ष बागाईतदार मांडवाच्या तारा कशा ताणतो हे ज्याने पाहिले आहे त्याला यातले मर्म लगेच कळेल. स्वरूपसाहेब २०२० मध्ये पुण्यात गेले. खोडदच्या आधी, १९७० साली, त्यांनी उटीला एक दुर्बीण उभी केली होती, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. तिच्यासाठी त्यांनी डोंगराचा असा उतार शोधला की तो तिथल्या अक्षांशाएवढा, म्हणजे ११ अंश असावा. मग दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. ती फक्त एका आसाभोवती फिरवली की स्रोताच्या मागे मागे तासन् तास जाता येते. डोंगर असा वाचणारा माणूस आमच्या खात्यात असता तर आम्ही त्याच्या पाया पडलो असतो.

उटीच्या दुर्बिणीचे मुख्य काम होते चंद्राकडून मोजणी करून घेण्याचे. चंद्र सरकता सरकता एखाद्या रेडिओ स्रोताला झाकतो. ज्या क्षणी त्याच्या लहरी थांबल्या त्या क्षणी चंद्राची कड कुठे होती हे पंचांगासारखे नेमके ठाऊक असते, म्हणजे स्रोताची जागा कळली. लहरी एकदम थांबल्या की हळूहळू, यावरून त्याची रुंदीही कळते. चंद्राची कड हीच बांधाची खूण! या रीतीने तिथे हजाराहून अधिक स्रोतांचे बारकावे मिळवले गेले.

पत्रलेखक म्हणतील, याद्या करून काय मिळते? यादीने काय होते आणि चुकीच्या यादीने काय होते, दोन्ही सांगतो. इंग्लंडात केंब्रिजला १९५५ मध्ये रेडिओ स्रोतांची दुसरी मोठी यादी निघाली, त्यात १,९३६ नोंदी होत्या. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ बर्नार्ड मिल्स यांचे पथक आकाशाचा काही तोच भाग मोजत होते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर जुळेनात. दोन मोजणीदारांनी एकाच गावाचे दोन वेगळे नकाशे आणावेत आणि दोघांनी देवाची शपथ घ्यावी, असा प्रकार झाला. मोठे वादंग माजले. शेवटी निघाले असे, की केंब्रिजच्या यंत्राची नजर भरड होती, शेजारशेजारचे दोन-तीन मंद स्रोत तिला एकच मोठा स्रोत दिसत होते. मग त्यांनी त्याच यंत्रावर दुप्पट कंप्रता (फ्रिक्वेन्सी) घेतली, नजर बारीक केली आणि १९५९ मध्ये तिसरी यादी काढली. या वेळी नोंदी फक्त ४७१. फेरमोजणीत आकडा एवढा खाली आला तरी त्यांनी ती छापली, याला छाती लागते.

त्या ४७१ मधला २७३ वा नंबर जगाला ठाऊक आहे. त्याला आजही "३सी २७३" याच नावाने ओळखतात, म्हणजे केंब्रिजच्या तिसऱ्या यादीतला सर्व्हे नंबर २७३. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीवर सिरिल हॅझर्ड यांनी चंद्राच्याच रीतीने त्याची नेमकी जागा काढली. तिथे पाहिले तर साध्या ताऱ्यासारखा ठिपका. पुढच्या वर्षी मार्टेन श्मिट यांनी त्याच्या प्रकाशाचा वर्णपट उलगडला, तेव्हा तो तारा नसून दोन अब्ज प्रकाशवर्षांहून लांबचा निघाला. क्वेझार, म्हणजे ताऱ्यासारखी दिसणारी पण फार लांबची तेजस्वी वस्तू, अशी माणसाच्या हाती लागली. यादी नसती तर त्या ठिपक्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. चंद्राच्या झाकण्याची ही हकिगत वाचूनच उटीची कल्पना स्वरूपसाहेबांच्या मनात आली होती.

याच तिसऱ्या यादीची पुढे दुरुस्ती झाली तेव्हा मधेच नवे स्रोत घालायचे होते, पण जुने नंबर मोडायचे नव्हते. मग त्यांनी काय करावे? ६१.१, २२०.१, ४२७.१ असे नंबर दिले. हे वाचून मी खुर्चीतच हसलो. आम्ही पोटहिस्सा पडला की दुसरे काय करतो?

टीजीएसएसकडे परत येतो. मोजणी २०१२ मध्ये संपली, पण पूर्ण यादी बाहेर यायला आणखी चार वर्षे लागली. कारण समजून घेण्यासारखे आहे. ही मोजणी १५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दोन मीटर लांबीच्या लहरींवर झाली. एवढ्या लांब लहरींना आपल्या डोक्यावरचा आयनांबर थर, म्हणजे जिथे हवेतले कण विद्युतभारित झालेले असतात तो भाग, वेडावाकडा वाकवतो. स्रोत जागच्या जागी नाचतो. मी हे दृश्य शेकडो वेळा पाहिले आहे. एप्रिल-मेच्या दुपारी बारा वाजता दोनशे मीटरवरचा झेंडा दुर्बिणीतून पाहा, तापलेल्या जमिनीवरच्या हवेत तो सापासारखा वळवळतो. आम्ही त्यावर एकच उपाय करायचो : सकाळी सातला मोजणी, अकराला भाकरी. आकाशवाल्यांना ती सोय नाही. नेदरलँड्सचे हुइब इंटेमा यांनी यासाठी एक गणिती रीत बसवली. चित्रातले तेजस्वी स्रोत कोणत्या दिशेला किती हलले ते पाहायचे, त्यावरून वरच्या थराचा त्या घटकेचा नमुना बांधायचा आणि बाकी चित्र सरळ करायचे. त्यांनी आणि तीन सहकाऱ्यांनी, ज्यांत दोन नावे भारतीय आहेत, जीएमआरटीच्या दप्तरातली मूळ निरीक्षणे घेऊन सगळे काम पुन्हा केले. २०१७ मध्ये ते युरोपातल्या खगोलशास्त्राच्या नियतकालिकात छापून आले. चित्रे आणि यादी दोन्ही सगळ्यांना फुकट खुली आहेत. कुठे अर्ज नाही की शुल्क नाही.

या यादीचा वापर कोण करते? एक उदाहरण देतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या व्हीएलए दुर्बिणीने १९९३ ते १९९६ मध्ये १,४०० मेगाहर्ट्झवर आकाश मोजले, त्यांची यादी सुमारे १८ लाखांची. एकच स्रोत आपल्या १५० वर किती जोराचा आणि त्यांच्या १,४०० वर किती, हे ताडून पाहिले की त्याचा स्वभाव कळतो. खालच्या कंप्रतेवर ठळक आणि वरच्या कंप्रतेवर एकदम फिका, असा निघाला तर तो फार लांबची दीर्घिका असू शकतो, किंवा स्वतःभोवती गरगरणारा मेलेला तारा, म्हणजे पल्सार. या एकाच सर्वेक्षणाच्या चित्रांत आधी माहीत असलेले २८८ पल्सार ओळखता आले. १८ लाखांपुढे सहा लाख कमी वाटतील. पण दोन नोंदवह्या दोन वेगळ्या कंप्रतांवर असल्या, तरच हा मेळ बसतो. युरोपातल्या लोफार दुर्बिणीने २०२२ मध्ये ४४ लाख स्रोतांची यादी दिली, तीही उत्तर गोलार्धाच्या २७ टक्के भागातच. म्हणजे आपली नोंदवही आता सर्वांत मोठी राहिलेली नाही, हे मी लपवत नाही. पण लोफारच्या यादीबाहेर राहिलेल्या आकाशात, विशेषतः दक्षिणेकडे, या कंप्रतेवर एवढा बारकावा हवा असेल तर लोक आजही खोडदचे पान उघडतात.

यादीत एक दोष आहे, तोही सांगतो. नोंदी संगणक करतो. पुष्कळ दीर्घिकांच्या पोटातले कृष्णविवर दोन बाजूंना दोन लांब झोत फेकते आणि टोकाला दोन फुगे तयार होतात. रेडिओत हे दोन फुगे दिसतात आणि मधली दीर्घिका कधी कधी दिसतच नाही. संगणक दोन ठिपके पाहतो आणि दोन ओळी लिहितो. मालक एक, तुकडे दोन! हे एकत्र करायला माणसाचाच डोळा लागतो. डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये रॅड ॲट होम नावाचा उपक्रम सुरू केला आहे. त्यात महाविद्यालयातल्या मुलांना ही चित्रे वाचायला शिकवतात आणि विचित्र आकाराचे स्रोत हुडकायला लावतात. विज्ञान दिनापासून नात आणि मी घरच्या संगणकावर तोच उद्योग करतो. तिच्या वहीत आमच्या संशयित जोड्यांची यादी आहे. एकूण नऊ. त्यांपैकी चार आधीच कोणीतरी जोडून ठेवल्या आहेत असे नंतर कळले. तिला वाईट वाटले. मला बरे वाटले, कारण आमची नजर बरोबर होती.

आता रेल्वे. मलाही रेल्वे हवी आहे. माझा मुलगा चाकणला नोकरीला आहे आणि त्या महामार्गावर त्याचे आयुष्य कसे चालले आहे ते मी रोज ऐकतो. पण दुर्बिणीजवळून विजेची गाडी गेली तर नेमके काय होते हे कुणी सांगत नाही, म्हणून लोकांना वाटते की शास्त्रज्ञांना फक्त गोंगाट नको आहे. इथे कानाच्या आवाजाचा प्रश्न नाही. वरच्या तारेला गाडीचा पेंटोग्राफ, म्हणजे टपावरचा वीज घेणारा सांगाडा, घासतो तेव्हा ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे सगळ्या कंप्रतांवर एकदम ओरडणारे रेडिओ केंद्र. समोरचा स्रोत किती मंद असतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो : चंद्रावर एक साधा मोबाइल चालू करून ठेवला, तर त्याच्या कंप्रतेवर तो आकाशातल्या सर्वांत तेजस्वी रेडिओ स्रोतांत मोडेल. चंद्रावरचा मोबाइल! आणि आपण रुळांची चर्चा तबकड्यांच्या बांधावर करतो आहोत. मार्ग कुठून न्यावा हे ठरवणाऱ्यांनी दुर्बीण टाळून तो आमच्या जास्तीत जास्त जवळून न्यावा, त्यासाठी मी मोर्चातही येईन. पण दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. डोंगरांचा आडोसा, पुण्याची जवळीक आणि तरीही रेडिओ शांतता, हे सगळे एका ठिकाणी पाहूनच ही जागा निवडली होती.

कारखान्यांबद्दलची तक्रार मला खोडून काढता येत नाही. ज्याच्या पोराला घर सोडून लांब जावे लागते त्याला सहा लाख दीर्घिकांचा आकडा सांगून उपयोग नाही. त्याचे उत्तर सरकारने द्यायचे आहे, तबकडीने नाही.

दुर्बीण चालवणाऱ्यांना मात्र माझी एक मागणी आहे. ग्रामपंचायतीत गावाचा नकाशा भिंतीवर असतो. त्याच्या शेजारी या आकाशाचा नकाशा लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात, खाली तारीख आणि प्रमाण लिहून. ज्या गावांनी तबकड्यांसाठी जमिनी दिल्या त्यांना आपल्या जमिनीवरून काय मोजले गेले ते पाहायला वर्षातून एक दिवस रांग लावावी लागू नये. आणि आपल्या वृत्तपत्राने २८ फेब्रुवारीची बातमी "विद्यार्थ्यांची अलोट गर्दी" यापुढे न्यावी, एवढे सुचवतो.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
नारायणगाव (ता. जुन्नर, जि. पुणे)

ता. क. – रेल्वेच्या बातमीसोबत आपण छापलेले छायाचित्र खोडदचे नाही. खोडदच्या तबकड्या जाळीच्या आहेत, सकाळी त्यांच्यातून पलीकडचे डोंगर दिसतात. छायाचित्रातली तबकडी भरीव आणि पांढरीशुभ्र आहे. शिवाय बातमीत "शास्त्रज्ञ रात्रभर जागून तारे पाहतात" असे वाक्य आहे. रेडिओ दुर्बीण दिवसाही चालते, ढग असले तरी चालते. दुरुस्ती छापावी.